कंबर धरलेला पेशंट समोर आला की: मराठवाड्यात नव्याने फिजिओथेरपी सुरू करणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला की पहिल्याच आठवड्यात हे वाक्य कानावर येतं: "मॅडम, मणक्यात गॅप हाय म्हणले. करंट द्या." कॉलेजात असा पेशंट कुणी शिकवलेला नसतो. तिथे आजाराचं नाव आधी कळायचं आणि मग पेशंट दिसायचा. इथे पेशंट एक नाव घेऊनच येतो आणि ते नाव बहुतेक वेळा उपयोगाचं नसतं.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलंय. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी परतलेली एक ऊसतोड मावशी कंबर धरून आली. वय अडतीसच्या आसपास. हातात एक्स-रे, त्यावर 'झीज' असा शेरा. हंगामभर मोळ्या वाहिलेली बाई, कंबर दुखणारच, असं मी मनात धरलं. नऊ दिवस आयएफटी (मशिनीचा 'करंट') आणि शेक दिला. दहाव्या दिवशी तिच्याबरोबर तिची लेक आली. ती सहज बोलून गेली, "आई रातच्याला उठून बसती. संध्याकाळी अंग कोमट लागतंय." मी तेव्हा पहिल्यांदा मुठीने एकेक मणका हळूच ठोकून पाहिला. पाठीच्या खालच्या भागातल्या एका मणक्यावर मावशी अंग चोरून पुढे झाली. एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी निघाला. औषधं सुरू झाली आणि ती बरी झाली, पण ते नऊ दिवस माझ्या डोक्यातून गेले नाहीत. रजिस्टर उघडून पाहिलं तर नऊ ओळी होत्या: 'आयएफटी, शेक, बरं.' मला काय वाटत होतं, का वाटत होतं, याचा एक शब्द नव्हता. मी काही ठरवलंच नव्हतं, त्यामुळे चूक कुठे झाली हेही त्या पानावर सापडेना.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. हात लावण्याआधी अंदाज लिहायचा. खाली दिलेल्या पायऱ्या त्या एका नियमाभोवती आहेत.

१. आधी कागद, मग साहित्य

यात फार वेळ घालवू नका, पण अर्धवटही सोडू नका. लागणारे कागद असे:

- पदवी आणि इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र.
- महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेची नोंदणी. आपण सगळे हिला ओटीपीटी कौन्सिल म्हणतो. ती २००२च्या राज्य कायद्याने आली. प्रमाणपत्र भिंतीवर लावा आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.
- जागेचा भाडेकरार आणि व्यावसायिक विमा.
- मराठीतलं संमतीपत्र, मोठ्या अक्षरात, एका पानाचं.

देशपातळीवर २०२१चा राष्ट्रीय सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदाही आता लागू आहे. फिजिओथेरपी त्याच्या कक्षेत येते, त्यामुळे कौन्सिलकडून येणारी पत्रं न वाचता बाजूला टाकू नका.

साहित्य घेताना बहुतेकांचे पैसे मशिनींवर जातात. माझं ऐकाल तर आधी हे घ्या: रिफ्लेक्स हॅमर, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंपन कळतं का ते बघायला), १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा), गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायला), इंच टेप, बीपीचं मशीन, स्टेथोस्कोप, थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि वजनकाटा. वजनकाटा का? "वजन कमी झालंय का?" असं विचारलं की "न्हाई" असंच उत्तर येतं. काट्यावर उभं केलं आणि महिन्यापूर्वीचा आकडा वहीत असला की खरं कळतं. हे सगळं मिळून एका आयएफटी मशिनीपेक्षा स्वस्त पडतं.

आणि एक जाड, रेघांची वही. हीच खरी मशीन.

२. पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहा

"मॅडम, कंबर लई दुखायलीय." यातल्या 'दुखायलीय'चं लगेच भाषांतर करू नका. ठणका, कळ, चमक, भगभग, मुंग्या, बधिर, जड, आखडलं: यातला प्रत्येक शब्द वेगळी वाट दाखवतो. चमक निघते म्हणणारा आणि ठणकतं म्हणणारा यांना एकाच टेबलावर एकच शेक देऊ नका. भगभग आणि मुंग्या नसेकडे बोट दाखवतात. रात्रभर ठणका, कुस बदलूनही उतरत नाही, हे ऐकलं की मी पेन खाली ठेवत नाही.

'उसण भरली' म्हणजे अचानक, एका हालचालीत अडकलेली कंबर. अशी माणसं तुमच्याकडे येण्याआधी बहुतेक एखाद्या पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून आलेली असतात, नाहीतर हाडवैद्याकडे चोळून. त्यावर रागावू नका. रागावलात की पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत. "चोळल्यावर बरं वाटलं का, का वाढलं?" एवढं विचारा. चोळून वाढलेलं दुखणं ही तुमच्यासाठी फुकट मिळालेली माहिती आहे.

तारीख विचारली तर कुणाला सांगता येत नाही. "किती महिने झाले?" याला उत्तर "लई दिस झाले." त्याऐवजी सणावरून, पिकावरून विचारा. पोळ्याच्या आधी का नंतर? सोयाबीन काढायच्या वेळी वाकता येत होतं का? लातूर-धाराशिवकडची म्हातारी माणसं अजूनही 'भूकंपाच्या आधी', 'भूकंपानंतर' असं सांगतात. तिथे थांबून विचारा: त्या वेळी ढिगाऱ्याखाली होतात का, मार कुठे लागला होता? ३० सप्टेंबर १९९३च्या त्या पहाटेची दुखापत आज साठी-सत्तरीतल्या माणसाच्या पाठीत अजून असू शकते.

मग कामाचा दिवस विचारा, पहाटेपासून. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. उचल घेतलेली असते, त्यामुळे आराम हा शब्द त्यांच्या हातातच नसतो. त्यांना "पंधरा दिवस वाकू नका" सांगणं म्हणजे उपचार न करणं. खुरपणीला तासन्‌तास उकिडवं बसणारी बाई, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन सरीतून चालणारा माणूस, दिवसभर दुकानात खाली मांडी घालून बसणारा शिंपी: यांच्या कामातल्या हालचाली स्वतः करून बघा. मी कोयता हातात धरून पाहिला होता. खाली वाकून बुडख्याशी मारायचा आणि त्याच वाकात वळायचं. कमरेला काय होतं ते दोन मिनिटांत कळलं.

सोबत सासू किंवा नवरा असेल तर उत्तरं तेच देतात. आधी त्यांचं ऐकून घ्या, मग "जरा तपासायचंय" म्हणून पडद्याआड फक्त पेशंटला घ्या. तुम्ही पुरुष असाल तर त्या वेळी दवाखान्यातली एखादी बाई किंवा घरची मावशी जवळ असू द्या, आणि कुठे हात लावणार, का लावणार, हे आधी सांगा.

३. धोक्याचे प्रश्न, रोज, प्रत्येकाला

यात सवलत नाही. तुमच्याकडे येणाऱ्या शंभरांतल्या बहुतेकांना काही गंभीर नसेल. पण जो एखादा असेल तो बाकीच्यांसारखाच कंबर धरून आत येईल. मी हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेत.

*संध्याकाळी कणकण, रात्रीचा घाम, भूक मेली, वजन उतरलं, घरात कुणाला टीबी?* मणक्याचा टीबी आपल्याकडे दुर्मिळ नाही. सुरुवातीच्या एक्स-रेत तो दिसतही नाही, कारण हाडाचा बराच भाग गेल्यावरच चित्रात बदल येतो. माझ्या मावशीच्या एक्स-रेवर 'झीज' लिहिलेलं चूक नव्हतं, झीजही होती. मी तिथेच थांबले, ते चुकलं.

*लघवी तुंबते का, कळत नाही का?* हा प्रश्न लाजेत अडकतो. कॉलेजात 'सॅडल अॅनेस्थेशिया' शिकवतात. म्हणजे खोगिरावर टेकणारा, बैठकीचा भाग बधिर होणं. पेशंटला खोगीर काय सांगणार? मी असं विचारते: "मावशी, संडासहून आल्यावर धुताना पाणी लागलेलं कळतं का? दोन्ही बाजूंना सारखं कळतं का?" लगेच समजतं. 'कळत नाही' असं उत्तर आलं, जोडीला लघवीचा त्रास किंवा दोन्ही पायांत अशक्तपणा असला, तर त्या दिवशी टेबलावर घेऊ नका. १०८ला फोन करा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा. उशीर झाला तर ताबा कायमचा जाऊ शकतो.

*चप्पल पायातून निसटते का?* माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण मराठवाड्यात सगळे चपलेवर असतात. निसटते आणि कळतं, पण पाय उचलत नाही: तर ताकद कमी झालीय. निसटते आणि चार पावलं गेल्यावर कुणीतरी सांगतं: तर संवेदना गेलीय, साखर आणि बी-१२ तपासायला पाठवा. हातांबद्दल विचारा: सदऱ्याची बटणं लागतात का, भाकरी थापताना हात चुकतो का? मानेतून मज्जारज्जू दबत असेल तर हे आधी बिघडतं. अशा पेशंटच्या मानेला हिसका द्यायचा नाही.

*मावशींना: पिशवी काढली का? किती वर्षांच्या असताना?* बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण इतकं गाजलं की २०१९ मध्ये राज्य सरकारने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. आपल्याला याचा थेट संबंध असा: पिशवीबरोबर अंडाशयही कमी वयात काढले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. चाळिशीतली बाई हलकीशी घसरली आणि तेव्हापासून पाठ धरली असं सांगते, तेव्हा मणका दबला असू शकतो. शस्त्रक्रियेचे कागद मागा. बऱ्याच जणींना काय काढलं ते माहीत नसतं.

याशिवाय कॅन्सर होऊन गेला का, स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतल्यात का, हे विचारा. 'वाताच्या गोळ्या' किंवा पुडी घेतो म्हणणाऱ्याला ती पुडी घेऊन यायला सांगा.

४. तीन अंदाज लिहा

इथे खरी कसोटी आहे. बोलणं झालं, अजून हात लावलेला नाही. आता वहीत तीन अंदाज लिहायचे. एक लिहिला तर तुम्ही त्याच्या प्रेमात पडता. दोन लिहिले तर दुसरा नावापुरता असतो. तिसऱ्यासाठी डोकं खाजवावं लागतं, आणि तिथेच काहीतरी सापडतं.

एक पान जसंच्या तसं दाखवते. शेतकरी, वय ४६. उजव्या पायात कळ, पिंढरीपर्यंत, दोन महिने. चाललं की वाढते. बिड्या ओढतो. हातात एमआरआय: 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली गादी फुगलेली. आधी महिनाभर कमरेला ट्रॅक्शन (ताण) झालंय, फरक नाही.

> अ. कमरेतली नस. का: कळ गुडघ्याखाली, एमआरआय. खोटं कशाने ठरेल: पाय सरळ उचलून कळ नाही, टाचेचा रिफ्लेक्स आणि चवड्यावरची ताकद चांगली.
> आ. पायाचा रक्तपुरवठा. का: चालल्यावरच, बिडी. खोटं कशाने ठरेल: पावलावरची नाडी दोन्हीकडे सारखी.
> इ. खुबा. का: मांडी घालताना उजवा गुडघा वर राहतो. खोटं कशाने ठरेल: खुब्याचं आत वळणं दोन्हीकडे सारखं.

बघा, 'का'च्या पुढे मी 'खोटं कशाने ठरेल' लिहिलंय. खरं ठरवणारे पुरावे आपोआप जमतात, कारण डोळा तेच शोधतो. खोटं ठरवणारी तपासणी मुद्दाम करावी लागते.

मग एकच जास्तीचा प्रश्न विचारला: "चालताना पिंढरी भरली की काय करता?" तो म्हणाला, "हुभा ऱ्हातो जरा. उतरतं. मग पुन्हा चालतो." बसावं किंवा वाकावं लागत नाही, नुसतं उभं राहून उतरतं. कमरेतली जागा अरुंद झालेला माणूस सहसा बसतो, नाहीतर काठीवर पुढे झुकतो. सायकल मात्र त्याला चालवता येते. या शेतकऱ्याच्या पायाला हात लावला तर उजवं पाऊल गार, नाडी लागेना. अंदाज 'आ'. त्याला त्याच आठवड्यात छत्रपती संभाजीनगरला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलं. महिनाभर कमरेला ट्रॅक्शन दिलेल्या माणसाच्या पावलाची नाडी तोवर कुणी पाहिली नव्हती.

५. रिपोर्टला उत्तर समजू नका

पेशंट एमआरआयची मोठी पिशवी टेबलावर ठेवतो तेव्हा आपल्यालाही हायसं वाटतं. थांबा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३३ अभ्यास एकत्र करून, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांची चित्रं पाहिली. विशीतल्या ३०% जणांत डिस्क बल्ज होता, चाळिशीतल्या ५०% जणांत आणि ऐंशीतल्या ८४% जणांत. म्हणजे तुमच्या पेशंटला दाखवलेला 'गॅप' शेजारच्या न दुखणाऱ्या माणसातही निघेल. रिपोर्ट तुमच्या अंदाजाशी जुळला तर त्याला वजन द्या. जुळत नसेल तर अंदाजाची तपासणी पुन्हा करा. रिपोर्टला शरण जाऊ नका.

हेच टेस्टबद्दल. पाय सरळ उचलण्याची टेस्ट नस दबलेल्या बहुतेकांत होकारार्थी येते, पण नस न दबलेल्यांतही भरपूर येते. त्यामुळे ती नकारार्थी आली तर उपयोग मोठा, होकारार्थी आली तर थोडा. याच्या उलट, न दुखणारा पाय उचलल्यावर दुखणाऱ्या पायात कळ गेली, तर नस असण्याची शक्यता बरीच वाढते. प्रत्येक टेस्टबद्दल हे एक वाक्य स्वतःला विचारा: ही टेस्ट मला कशाची खात्री देते, होकाराची की नकाराची?

आणि दुखतं तिथेच थांबू नका. गुडघा दुखतो पण गुडघ्यात काही सापडत नाही, तर खुबा तपासा. खांदा सगळ्या बाजूंनी आखडलाय, तर साखर तपासा.

पेशंटला 'गॅप'बद्दल काय सांगायचं? "तुमचा मणका निसटलाय" असं कधीही म्हणू नका. ती बाई त्या शब्दाने आयुष्यभर वाकायला घाबरते. मी म्हणते, "केस पिकतात तशी गादीही जुनी होते. दुखतंय ते खरं आहे, पण ते कमी करता येतं."

६. एक गोष्ट बदला, लगेच मोजा

उपचाराच्या पहिल्याच दिवशी आयएफटी, अल्ट्रासाऊंड, टेप आणि सहा व्यायाम असं सगळं दिलं तर दुसऱ्या दिवशी कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि कशाने वाढलं तेही नाही. एक बदल करा, लगेच तीच हालचाल पुन्हा करून पाहा.

न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांची १९५६ची गोष्ट आपल्या व्यवसायात प्रसिद्ध आहे. पायात कळ असलेला त्यांचा एक पेशंट बरेच दिवस बरा होत नव्हता. एक दिवस तो डोक्याकडून वर उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला. काही मिनिटांनी पायातलं दुखणं गेलेलं होतं. मॅकेन्झींनी योगायोग म्हणून सोडून दिलं नाही. पुढच्या पेशंटमध्ये तेच तपासून पाहिलं. आपणही एवढं करू शकतो: पालथं झोपवून कळ वर सरकते का ते पाहणं. कळ पायातून कमरेकडे सरकली तर चांगली खूण, कमरेत थोडं वाढलं तरी. पायात खाली उतरली तर तो व्यायाम थांबवा.

मोजायचं काय? पेशंटच्या तीन कामांना ० ते १० गुण द्यायला सांगा. ० म्हणजे जमतच नाही, १० म्हणजे पहिल्यासारखं. कामं त्यांचीच निवडा: खुरपायला बसणं, हंडा उचलणं, एसटीत चढणं. 'कंबर बरी आहे का?' याचं उत्तर रोज 'बरी हाय' असंच येतं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. 'एसटीत चढायला किती गुण?' याचं उत्तर खरं येतं. दुखण्याच्या ०-१० मोजपट्टीवर एका गुणाच्या फरकाने हुरळून जाऊ नका. साधारण दोन गुण उतरले तर तो बदल धरा.

दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर दिवस वाढवू नका, वहीतला दुसरा अंदाज उघडा. 'दहा दिवसांचं पॅकेज' आधीच विकलं असेल तर हे करायला मन धजत नाही. म्हणून पॅकेज विकू नका.

व्यायाम दोनच द्या, तिसरा नको. बाहेरगावचा पेशंट रोज येऊ शकत नाही, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मोजा. व्यायाम कामाला बांधा: गाईची धार काढून उठलात की दहा वेळा मागे वाका, असं. तो होतो.

७. 'कडकन' वाजवण्याआधी

अलीकडे नव्या मुलांचा ओढा याकडेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मोबाइलवर मान वळवून कडकन आवाज काढणारे व्हिडिओ पेशंटही बघतात आणि "तसं करा" म्हणतात. दोन दिवसांचा कोर्स करून 'कायरो' असा बोर्ड लावलेलेही दिसतात. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट इथे डी. डी. पामर यांनी केली. काही देशांत तो अनेक वर्षं शिकायचा, कायद्याने नियंत्रित व्यवसाय आहे. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवू नका. तुमची नोंदणी फिजिओथेरपिस्ट म्हणून आहे, तेच बोर्डावर लिहा.

तो आवाज म्हणजे मणका 'जागेवर बसला' असं नाही. सांधा झटक्यात विलग झाला की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, आवाज तिचा. २०१५ मध्ये बोटाचा सांधा ओढताना एमआरआयमध्ये ही पोकळी तयार होताना टिपली गेली. त्यानंतर काही वेळ तोच सांधा पुन्हा वाजत नाही. म्हणून आवाज आला नाही तर पुन्हापुन्हा जोर लावणं चूक आहे.

हाताने सांधा हलवण्याचा उपयोग नक्की होतो. साध्या कंबरदुखीत त्याचा गुण व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकाच असतो, जादू नसते. मानेच्या बाबतीत जबाबदारी वेगळी आहे. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण झाल्या तर आयुष्य बदलतं. 'असं दुखणं आयुष्यात कधी झालं नव्हतं' अशी नवी मानदुखी किंवा डोकेदुखी घेऊन आलेल्या माणसात ती चीर आधीच पडलेली असू शकते. म्हणून आधी बीपी बघा. चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळताना त्रास, अचानक कोसळणं, चेहऱ्याला बधिरपणा, डोळे थरथरणं, मळमळ: यातलं एकही असेल तर मानेला हिसका नाही, थेट रुग्णालय.

यातलं काही नसलं तरी धोका आणि फायदा पेशंटला त्याच्या भाषेत सांगून संमती घ्या. "हळू हलवूनही बरं वाटतं, झटका न देता" हा पर्यायही सांगा. मी स्वतः मानेला झटका देत नाही. माझ्या पेशंटना त्याशिवाय बरं वाटतं आणि मला रात्री झोप लागते.

८. चिठ्ठी

'पुढील उपचारासाठी पाठवत आहे' अशी चिठ्ठी घेऊन पेशंट अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात गेला तर ओपीडीच्या गर्दीत त्याचा पुन्हा पहिल्यापासून फेरा सुरू होतो. पाच ओळी लिहा: वय आणि काम, दुखणं किती दिवस, काय सापडलं (बाजू, पातळी, रिफ्लेक्स, ताकद), तुमची शंका एका वाक्यात, किती तातडीचं. खाली तुमचा नंबर. मावशीच्या वेळी मी लिहिलं होतं, 'मणका ठोकल्यावर दुखतो, संध्याकाळी ताप, मणक्याचा टीबी असावा का?' त्या शेवटच्या प्रश्नामुळे तिचा एमआरआय त्याच आठवड्यात झाला.

डॉक्टरांशी वाद घालायला चिठ्ठी वापरू नका. आणि दोन आठवड्यांनी पेशंटला फोन करा. पाठवलेला पेशंट पोचलाच नाही, हे मराठवाड्यात फार होतं. भाडं नव्हतं, पेरणी होती, कुणी सोबत यायला नव्हतं.

अर्धांगवायूचा पेशंट किंवा कायमचं अपंगत्व आलेला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राची वाटही सांगा. २०१६च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४०% लागतं. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. आधार कार्ड, फोटो आणि जुने उपचाराचे कागद लागतात. ते जपून ठेवायला पहिल्या दिवशीच सांगा, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत घराच्या आढ्याला लटकवलेले कागद पावसाळ्यात भिजतात.

९. महिन्यातून एकदा चुकलेले अंदाज

एकट्याने वही वाचून फारसं हाती लागत नाही. आपणच लिहिलेलं असतं, आपल्याला ते बरोबरच वाटतं. आसपासच्या तालुक्यांतले दोन-तीन फिजिओ शोधा. आम्ही तिघं महिन्याच्या शेवटच्या रविवारी अंबाजोगाईला भेटतो. प्रत्येकाने एकच केस आणायची, तीही चुकलेली. पेशंटचं नाव आणि गाव झाकायचं. आधी फक्त बोलणं वाचायचं, बाकीच्या दोघांनी त्यांचे तीन अंदाज लिहायचे, मगच तपासणीचं पान उलटायचं.

पहिल्या भेटीत मी मावशीचं पान वाचलं. त्यात बोलणं असं काही नव्हतंच, त्यामुळे मला आठवून सांगावं लागलं. समोरच्या मित्राने विचारलं, "ती झोपायची कशी?" मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या पहिल्या पानावर आहे, चपलेच्या प्रश्नाच्या वर.